दोन तबकड्यांमधली एकोणतीस वर्षे

अब्दुल करीम खाँ यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांतलाच आवाज ऐकला आहे. झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, वसंत, मारवा, जोगिया ही ओडियन कंपनीची ध्वनिमुद्रणे १९३४पासून पुढची मानली जातात. तेव्हा खाँसाहेबांनी साठी ओलांडली होती. किराणा घराण्याचा स्वर म्हटला की आपल्या कानात जो उंच, आर्त, धाग्यासारखा लांबत जाणारा सूर उभा राहतो, तो या मुद्रणांतला.

पण याच गायकाच्या तबकड्या १९०५च्या सुमारासही निघाल्या होत्या. त्या ग्रामोफोन कंपनीच्या. तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम ३२-३३. या दोन गठ्ठ्यांच्या मध्ये एकोणतीस वर्षे आहेत. त्या काळात खाँसाहेब गात होते, शिकवत होते, शाळा चालवत होते, श्रुतींच्या प्रयोगांना बसत होते. बाजारात आलेली तबकडी मात्र नाही. आणि नेमक्या याच काळात आवाज बदलला. १९०५चा गायक वेगाने जातो, ताना भराभर घेतो, आवाजही भरीव लावतो. १९३४चा गायक एका स्वरावर उभा राहून तो उलगडत बसतो. मधे काय घडले, हे सांगू शकणारी साधने एकेक करून तपासणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात पहिल्या गठ्ठ्यापासून करू. ग्रामोफोन कंपनीने भारतात ध्वनिमुद्रण सुरू केले १९०२ साली. मुद्रण करणारे तंत्रज्ञ दौऱ्यावर येत, मेणावर आवाज कोरून घेत, आणि तबकड्या छापून येत परदेशातून. कलकत्त्याचा कारखाना १९०८ साली सुरू झाला. म्हणजे १९०५चे मुद्रण परदेशी छापून, जहाजाने परत आलेले. या तबकड्यांवर मेणातच कोरलेला एक अनुक्रमांक असतो आणि त्याला जोडलेल्या अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ ओळखता येतो. कागदी लेबल नंतर बदलता येते, पण कोरलेला आकडा बदलत नाही. म्हणून कालनिश्चितीसाठी संशोधक त्याच आकड्यावर भिस्त ठेवतात. मायकेल किनिअर यांनी खाँसाहेबांच्या मुद्रणांची जी सूची-चरित्रवजा मांडणी २००३ साली प्रसिद्ध केली, तिचा पायाही हाच.

तारीख अशी पक्की करता येते. आवाजाचे तसे नाही. त्या काळी गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेण कोरत असे. हळू, मऊ, श्वासात विरणारा स्वर कोरला जाण्याची शक्यता कमी. शिवाय एका बाजूला जेमतेम दोन-तीन मिनिटे. तासाभराचा राग एवढ्या वेळात बसवायचा तर कोणीही धावतच जाईल. तिसरी अडचण तबकडीच्या गतीची. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या हिशोबाने कोरलेल्या नाहीत. चुकीच्या गतीने वाजवली की स्वर चढतो किंवा उतरतो आणि लयही बदलते. म्हणून १९०५चे खाँसाहेब अमुक पट्टीत गात, असे निव्वळ तबकडीवरून ठामपणे म्हणता येत नाही.

मग आक्षेप सरळ आहे. आवाज बदललाच नसेल, बदलले असेल ते यंत्र. भारतात विजेवरचे, मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रुळले. मायक्रोफोनला जोर लागत नाही, तो कुजबुजही टिपतो. १९३४चा हळवा सूर कदाचित १९०५मध्येही असेल, फक्त कर्ण्याला ऐकू आला नसेल. या आक्षेपाचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्याचा पुरावा मिळतो दुसऱ्याच एका गायकाच्या तबकडीत. तिथे येण्याआधी कागद पाहू.

कागद शोधायचे तर आधी तेव्हाचा नकाशा नीट समजून घ्यायला हवा. पाटण, कऱ्हाड, मिरज हा आज आपल्याला सलग पट्टा वाटतो. १९०५ साली तो सलग नव्हता. कोयनाकाठचे पाटण, कऱ्हाड, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात. मिरज, सांगली, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९मध्ये आणि त्याचे सांगली हे नाव पडले १९६०मध्ये. त्यामुळे एकाच गायकाच्या आयुष्यातले कागद दोन राजवटींत विखुरतात. साताऱ्याच्या बाजूला छापील इंग्रजी, तर संस्थानांच्या बाजूला मोडी. खाँसाहेबांनी घर केले संस्थानी मिरजेत आणि त्यांच्यावरचा सर्वांत जुना शास्त्रीय कागद तयार झाला तो सातारा-सांगलीच्या जोडीतून.

हा कागद म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे १९१० सालचे इंग्रजी पुस्तक. विषय हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती. देवल सांगलीचे, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाची. क्लेमेंट्स भारतीय मुलकी सेवेतले. दोघांच्या खटपटीतून १९११ साली साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली. त्याच सुमारास लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यातून बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली आणि १९१३ साली क्लेमेंट्सचे स्वतःचे पुस्तक आले. देवलांची पद्धत मोजमापाची. तार ताणायची, गायकाने स्वर लावायचा, तारेची लांबी त्या स्वराशी जुळवायची आणि गुणोत्तर काढायचे. त्यासाठी ज्याचा स्वर हलत नाही असा गायक हवा. देवलांनी निवडला तो अब्दुल करीम खाँ.

या साधनातून निश्चित काय मिळते? पहिली गोष्ट, १९१०पर्यंत खाँसाहेबांची ख्याती सुरेलपणासाठी एवढी झाली होती की मोजणी करणाऱ्याला तेच हवे वाटले. दुसरी, या काळात त्यांना एकच स्वर पुन्हा पुन्हा, न हलवता, लांब धरावा लागत होता. अनुमान याच्या पुढचे आहे: अशा बैठकांनी त्यांच्या गाण्याला स्वरावर थांबण्याचे वळण लावले असेल का? क्रम उलटाही असू शकतो. स्वरावर थांबणारा गायक होता, म्हणूनच देवलांनी निवडला. कागद दोन्ही वाचनांना जागा देतो. मला दुसरे वाचन जास्त संभाव्य वाटते, कारण न मोजताही स्वर स्थिर असल्याशिवाय देवलांच्या कानात तो भरला नसता. तसे असेल तर बदलाची मुळे १९१०च्याही आधी जातात आणि १९०५च्या तबकड्या आणखी कोड्यात टाकतात.

पुढचा कागद बडोद्याचा. मार्च १९१६मध्ये तिथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिचा अहवाल छापला गेला. परिषदेमागचे मुख्य डोके विष्णु नारायण भातखंडे यांचे. देवल-क्लेमेंट्स यांची श्रुतिपेटी तिथे मांडली गेली, पण जमलेल्या गायकांच्या कानाला तिचे स्वर पटले नाहीत. खाँसाहेबांच्या दृष्टीने या अहवालाचे महत्त्व वेगळे. ज्या प्रयोगांना त्यांच्या गळ्याचा आधार होता, ते प्रयोगच नाकारले गेले. पण नाकारले गेले ते पेटीचे गणित. गळ्यावर त्या निकालाचा काही बोजा येत नाही. परिषदेचा अहवाल वाचताना हा फरक धरून ठेवावा लागतो, कारण पुढच्या लिखाणात दोन्ही वाद अनेकदा एकमेकांत मिसळलेले दिसतात.

आता घर. १८९८च्या सुमारास खाँसाहेब बडोदे सोडून निघाले ते ताराबाई माने यांच्यासह. ताराबाई बडोद्याच्या राजघराण्याशी नातेसंबंध असलेल्या माने सरदारांच्या घरातल्या. या जोडप्याची पाच मुले पुढे गाण्याच्या जगात आली. थोरले सुरेशबाबू, मग १९०५मध्ये मिरजेत जन्मलेल्या हिराबाई, आणि धाकट्या सरस्वतीबाईंचा जन्म १९१३चा. त्याच १९१३च्या सुमारास पुण्यात आर्य संगीत विद्यालय उभे राहिले. १९२२मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. खाँसाहेब मिरजेला परतले आणि शेवटपर्यंत मिरजेचेच राहिले.

या फाटाफुटीचा सर्वांत बोलका पुरावा तबकड्यांच्या लेबलांवर आहे. घरात अब्दुल रहमान, चंपाकली, सकीना या नावांनी वाढलेली मुले जगासमोर आली ती सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे म्हणून. कुणाच्या नावात आईचे माहेर, कुणाच्या नावात आईचे गाव, कुणाच्या नावात सासर. खाँ हे आडनाव एकाही लेबलावर नाही. कौटुंबिक बाबींबद्दल कितीही आठवणी छापल्या गेल्या असोत, त्या वेळी छापलेले लेबल त्या आठवणींपेक्षा जुने आणि कोरडे आहे, म्हणून जास्त विश्वासाचे.

मुलांच्या गाण्यावरून वडिलांच्या मधल्या काळातल्या गायकीचा अंदाज बांधता येईल का? मोह होतो खरा. सुरेशबाबू आणि हिराबाई यांनी वडिलांच्या छायेत वाढताना जे उचलले ते १९२२ आधीचे असणार. पण हा साक्षीदार शुद्ध नाही. दोघांनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडेही तालीम घेतली आणि हिराबाईंच्या गाण्यात ती तालीम खोलवर गेली आहे. त्यांच्या स्वरातला संथपणा वडिलांचा की वहीद खाँचा, हे वेगळे काढण्याचे साधन नाही. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांची साक्ष त्याहून जुनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. पण त्यांचा गळा गुरूपेक्षा इतका निराळा होता की त्यावरून गुरूच्या आवाजाचे माप घेता येत नाही. शिष्यांच्या साक्षीतून घराण्याची दिशा समजते, तारखा मिळत नाहीत.

चरित्रांत सर्वांत विस्तृत आहे ते शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेले, १९७२ साली प्रसिद्ध झालेले. गावे, बैठका, माणसे, प्रवास यांचा एवढा तपशील दुसरीकडे नाही आणि त्याच्याशिवाय या विषयावर चार ओळीही लिहिता येत नाहीत. पण खाँसाहेबांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, गुरूवरच्या निष्ठेने ते लिहिलेले आहे. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांना प्लेगमधून उतार पडल्याची कथा सांगितली जाते. तिच्यावरून भक्ती सिद्ध होते, तारीख होत नाही. म्हणून अशा ग्रंथाबाबत एक नियम उपयोगी पडतो. जिथे तपशील गुरूच्या मोठेपणाला काहीच हातभार लावत नाही, तिथे त्यावर जास्त विश्वास ठेवावा. कोण कुठे मुक्कामाला होते, कोणाची भेट कुठल्या गावी झाली, असे निरुपयोगी वाटणारे उल्लेख हीच चरित्रातली खरी ठेव.

आता मघाशी मागे ठेवलेल्या आक्षेपाकडे येऊ. त्याचे उत्तर कुरुंदवाडात आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना महाराष्ट्रात आणले सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी. विष्णुपंत कृष्णाकाठच्या अंकलखोपचे आणि स्वतः हद्दू खाँकडे शिकलेले. त्यांच्यानंतर रहिमत खाँना त्यांच्या धाकट्या भावाने सांभाळले. रहिमत खाँ १९२२ साली कुरुंदवाडात वारले. कुरुंदवाड मिरजेपासून जवळ. अब्दुल करीम खाँनी आपली गायकी रहिमत खाँच्या प्रभावाखाली बदलली, हे संगीतसमीक्षेत रूढ झालेले मत आहे. मत रूढ आहे म्हणून ते पुरावा ठरत नाही. पण रहिमत खाँच्या तबकड्या उपलब्ध आहेत. त्या १९२०च्या सुमारास, आयुष्याच्या अगदी अखेरीस, जुन्याच कर्ण्याच्या पद्धतीने घेतलेल्या.

त्यांत भैरवीतली ‘जमुना के तीर’ ही ठुमरी आहे. हीच ठुमरी पुढे अब्दुल करीम खाँनी ओडियनसाठी गायली. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या की निव्वळ शब्दांपलीकडचे साम्य लक्षात येते. उंच पट्टीतला, बासरीसारखा, स्वर सोडायला तयार नसलेला आवाज. आणि इथेच आक्षेपाचा निकाल लागतो. रहिमत खाँसमोर मायक्रोफोन नव्हता, कर्णाच होता. तरी तो आवाज कोरला गेला. म्हणजे कर्ण्याला असा सूर टिपता येतच नव्हता, हे म्हणणे टिकत नाही. मायक्रोफोनने १९३४च्या सुराला मदत केली हे खरे, पण १९०५ आणि १९३४ यांतला सगळा फरक यंत्राच्या माथी मारता येत नाही. गाणाऱ्यानेच काही बदलले होते.

मात्र एवढ्यावरून रहिमत खाँच कारण ठरतात का? ठुमरी उत्तरेची आहे आणि दोघेही उत्तरेतून आलेले. एकच ठुमरी दोघांना स्वतंत्रपणे माहीत असणे अगदी शक्य आहे. म्हणून बंदिशीची समानता हा पुरावा कच्चा. आवाजाच्या लगावातली समानता त्याहून भक्कम, आणि दोघे काही वर्षे जवळजवळच्या गावांत राहत होते हा भूगोल तिला बळ देतो. एवढे मिळूनही कायद्याच्या भाषेत तो परिस्थितिजन्य पुरावाच. मी त्याला ‘बहुधा’ म्हणेन, ‘निश्चित’ म्हणणार नाही.

दुसरा एक धागा दक्षिणेकडे जातो. ओडियनच्या मुद्रणांत खरहरप्रिया आणि सावेरी हे कर्नाटक संगीतातले राग आहेत. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध होता आणि ‘संगीतरत्न’ ही त्यांची पदवी तिथलीच मानली जाते. सरगम घेण्याची त्यांची लकबही अभ्यासकांनी दक्षिणेशी जोडली आहे. पण या तबकड्यांवरून सिद्ध होते ते एवढेच की १९३४पर्यंत हे राग त्यांच्या गळ्यात बसले होते. ते कधी बसले, हे तबकडी सांगत नाही. त्याच संचात ‘मानापमान’मधले ‘चंद्रिका ही जणू’ हे मराठी पदही आहे. त्याला मात्र खालची मर्यादा घालता येते. नाटक रंगभूमीवर आले मार्च १९११मध्ये आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. म्हणजे हे पद त्यांच्याकडे १९११ नंतरच आले असणार. एकोणतीस वर्षांच्या अंधारात एवढी एक खूण तरी पक्की रोवता येते: उत्तरेतून आलेला हा गायक मधल्या काळात मराठी रंगभूमीचे गाणे आपलेसे करत होता.

ओडियनच्या तारखांबाबतही एक मोठे कोडे आहे. भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि त्या ओढीने गुरू शोधायला घर सोडले, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. भीमसेनांचा जन्म फेब्रुवारी १९२२चा. घर सोडल्याचे वर्ष सर्वत्र १९३३ दिले जाते, वय ११. पण झिंझोटीची तबकडी १९३४ किंवा त्यानंतरची मानली जाते. दोन्ही तारखा आणि ही गोष्ट, तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

शक्यता तीन. घर सोडण्याचे वर्ष आठवणीत थोडे मागे सरकले. किंवा तबकडीची तारीख वर्षभराने पुढे धरली जाते आहे. किंवा मुलाने ऐकली ती दुसरीच एखादी तबकडी, आणि पुढे सर्वांत प्रसिद्ध ठुमरीने तिची जागा घेतली. तिसऱ्या शक्यतेला उदाहरणे कमी नाहीत. आठवण नेहमी प्रसिद्ध गोष्टीकडे झुकते. पण १९०५च्या तबकड्या १९३३च्या दुकानात वाजत असण्याचा संभव कमी, म्हणून मला पहिल्या दोन शक्यता जास्त पटतात. आणखी एक साक्षीदार जवळच उभा आहे. न्यू थिएटर्सच्या १९३५च्या हिंदी ‘देवदास’मध्ये सैगल हीच ठुमरी गातात. पण त्यावरून ठुमरी तेव्हा लोकांपर्यंत पोचली होती एवढेच कळते. ती तबकडीतून पोचली की मैफलीतून, ते कळत नाही. या कोड्याचा निकाल मेणावर कोरलेला आकडाच लावू शकतो, आठवणी नाहीत.

शेवटची तारीख मात्र वादाच्या बाहेर आहे. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमाळ कोइल या स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. वय पासष्टीला काही दिवस कमी. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. म्हणजे ओडियनचा सारा संच आयुष्याच्या अखेरच्या चार वर्षांतला. एवढ्या लहान खिडकीतून आलेला आवाज पुढे एका घराण्याची ओळख ठरला.

हिशोब मांडू. निश्चित: १९०५ आणि १९३४ नंतरचे गाणे वेगळे आहे. १९१०पर्यंत त्यांच्या स्वराच्या स्थिरतेवर मोजणी करणाऱ्यांचा विश्वास होता. १९११ नंतर केव्हातरी मराठी नाट्यपद त्यांच्या संग्रहात आले. १९२२मध्ये घर फुटले आणि फरक केवळ यंत्राचा नाही. संभाव्य: रहिमत खाँचा आवाज या बदलामागे होता आणि तो बदल एका रात्रीत न होता वर्षानुवर्षे होत गेला. अनिर्णित: तो केव्हा पुरा झाला.

तरी एक निष्कर्ष मला टाळता येत नाही. ओडियनमधला तो सूर साठीच्या गळ्यात उरलेला अवशेष नाही. थकलेला आवाज म्हणून त्याची तारीफ करणारे त्याच्यावर अन्याय करतात. तो स्थिर स्वराच्या जुन्या ताकदीवर, ऐकून, निवडून, एक गायकी मोडून दुसरी उभी करून घडवलेला आहे आणि घडणीचा मोठा भाग कृष्णाकाठच्या वीस-पंचवीस मैलांत झाला असावा. १९०५ आणि १९३४ यांच्यामधली, मेणावर वाचता येणारा अनुक्रमांक असलेली खाँसाहेबांची एक जरी तबकडी समोर आली, तरी या लेखातली ‘बहुधा’ लिहिलेली वाक्ये आधी तपासावीत. ती खोटी ठरली तर मराठी संगीताच्या इतिहासाला त्यात फायदाच आहे.